चर्च गळतंय, खर्च कोण करणार?

पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी येते, जुन्या इमारतींनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं अशा सूचना पेपरात छापून येतात, आणि त्याच सुमारास मुंबईतल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे सामूहिक उपासनेनंतर, फादर घोषणा करतात. छप्पर गळतंय, घंटेच्या मनोऱ्याला तडे गेलेत, इंजिनिअर म्हणतोय आता टाळू नका, आणि खर्चाचा आकडा कोटींत आहे. बाहेर पडताना पायऱ्यांवरच कुजबुज सुरू होते. ‘चर्चची एवढी जागा आहे, शाळा आहे, मग आपल्याकडे कशाला मागतात?’ ‘व्हॅटिकन देत नाही का?’ ‘मागच्या वेळी गोळा केले त्यांचं काय झालं?’ शेजारच्या बिल्डिंगीतल्या, नाताळचे दिवे बघण्यापलीकडे चर्चशी संबंध नसलेल्या माणसालाही हे प्रश्न पडतात.

प्रश्न रास्त आहेत. पंचाईत अशी की त्यांची उत्तरं एका जागी मिळत नाहीत. थोडी ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्च या संस्थेच्या, कायद्यात आहेत, थोडी महापालिकेच्या, थोडी आयकराच्या, आणि बरीचशी चुना-सिमेंटात. माझं मत आधीच सांगून टाकतो. अशी कामं रखडतात तेव्हा दोष बहुतेक वेळा लोकांच्या कंजूषपणाचा नसतो. काम धड मोजून व्हायच्या आधीच पैसे मागायला सुरुवात झालेली असते.

## चर्च नेमकं कोणाचं?

धर्मग्राम म्हणजे पॅरिश. ठरावीक हद्दीत राहणारे कॅथलिक, त्यांचं चर्च आणि त्यांची जबाबदारी सोपवलेला प्रमुख धर्मगुरू, असं सगळं मिळून धर्मग्राम होतो. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत, आणि त्याचे प्रमुख बिशप. मुंबई, ठाणे आणि रायगड भागातले धर्मग्राम मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात. वसई १९९८ पासून वेगळा धर्मप्रांत आहे.

जगभरच्या लॅटिन विधीच्या, म्हणजे रोमची उपासनापद्धती पाळणाऱ्या, कॅथलिकांना १९८३ चा कॅनन कायदा, म्हणजे ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा, लागू आहे. त्याच्या लेखी प्रत्येक धर्मग्राम ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते, आणि मालमत्ता ज्याने मिळवली त्याची. धर्मग्रामाच्या वतीने सही करण्याचा अधिकार प्रमुख धर्मगुरूचा. मात्र त्याला एकट्याने कारभार हाकता येत नाही. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असं कलम ५३७ सांगतं. तिच्यात सहसा धर्मग्रामातलेच सीए, बँकेतून निवृत्त झालेले, इंजिनिअर असे लोक असतात. समिती सल्ला देते, आकडे तपासते. तिचं बहुमत म्हणजे अंतिम निर्णय, असं मात्र नाही.

हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणली की फरक लगेच कळतो. सोसायटीत सिंकिंग फंड, म्हणजे राखीव निधी असतो, मोठ्या दुरुस्तीला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि पैसे न भरणाऱ्याच्या नावापुढे थकबाकी चढते. चर्चमध्ये सिंकिंग फंडाची सक्ती नाही. भाविक हे भागधारक सभासद नाहीत, त्यामुळे सभेत हात वर करून काम मंजूर होत नाही. ते मंजूर करतात बिशप. आणि वसुली तर शक्यच नाही, ज्याला द्यायचं तो देतो. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हातात असतात ती दोन्ही हत्यारं, ठराव आणि नोटीस, फादरांकडे नाहीत. त्यांच्याकडे आहे फक्त लोकांचा विश्वास. म्हणून हिशोबाची पारदर्शकता हीच इथली वसुलीची यंत्रणा, असं मी मानतो.

व्हॅटिकनचं उत्तर यातच आलं. चर्चची इमारत पोपच्या मालकीची नसते, तेव्हा तिचं प्लास्टरही रोमच्या खर्चाने होत नाही. उलट दरवर्षी संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या सुमारास, म्हणजे २९ जूनच्या आसपास, जगभरच्या चर्चमध्ये ‘पीटर्स पेन्स’ नावाची वर्गणी गोळा होते, ती इथून तिकडे जाते.

## आधी तपासणी, मग आकडा

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ बी नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी लागते. निकाल चार गटांत येतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं. सी-२बी म्हणजे वापर चालू ठेवून मजबुतीकरण. सी-३ म्हणजे किरकोळ काम. घोषणेत ‘इंजिनिअरने सांगितलंय’ असं ऐकलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, गट कोणता?

तपासणी म्हणजे कुणी येऊन मान वर करून बघून गेलं, असं नव्हे. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर मारून टणकपणा मोजतात, ध्वनिलहरी सोडून आत पोकळी आहे का पाहतात, सळ्या कितपत गंजल्यात याचा विजेच्या दाबावरून अंदाज घेतात, शंका असेल तर काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात. याला पैसे लागतात आणि ते आधी लागतात. घोडं अडतं ते इथेच, कारण या खर्चासाठी दाता मिळत नाही. वेदीसाठी, रंगीत काचांसाठी, बाकांसाठी लोक पुढे येतात. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ ध्वनिलहरी चाचणी’ अशी पाटी कुणी लावत नाही.

मुंबईत दोन तऱ्हेची चर्चेस आहेत आणि दोघांची दुखणी निराळी. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज सोळाव्या शतकातलं, भायखळ्याचं ग्लोरिया चर्च विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. दुसरीकडे माहीमच्या सेंट मायकल्सची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची, पण आजची वास्तू १९७३ ची. दादरचं पोर्तुगीज चर्चही मूळ १५९६ चं, पण आज उभी आहे ती चार्ल्स कोरियांनी रचलेली, १९७७ मध्ये पूर्ण झालेली वास्तू. उपनगरांतही गेल्या साठ-सत्तर वर्षांत कितीतरी चर्चेस आरसीसीमध्ये उभी राहिली.

जुनं म्हणजे कच्चं आणि काँक्रीट म्हणजे पक्कं, हा हिशोब इथे लागू पडत नाही. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस काँक्रीटच्या आत सळईपर्यंत पोचला की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. छतावरून पोपडे पडायला लागतात ते त्यामुळे. वरून प्लास्टर फासून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत फोटो छान येतात, बस्स.

दगड आणि चुन्याच्या भिंतीचं उलटं असतं. ती ओल पिते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. अशा भिंतीला कुणी ‘मजबुतीसाठी’ सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लास्टिक पेंट लावला की ओलीला बाहेर पडायची वाटच राहत नाही. मग ती वर चढते. जुन्या चर्चमध्ये बाजूच्या भिंतीजवळ वाकून बघा. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर पांढुरकी, वेडीवाकडी रेघ दिसेल. नखाने खरवडली की मिठाची भुकटी बोटाला लागते. त्या भिंतीला चुनाच हवा आणि चुन्याचं काम करणारा गवंडी हवा. असा गवंडी महाग पडतो, सावकाश काम करतो आणि सहज सापडत नाही. छपराचंही तसंच. मंगलोरी कौलं फुटलेली दिसतात, बदलता येतात. सागवानी वाशाचं भिंतीत गेलेलं टोक मात्र कुजलं तरी खालून दिसत नाही, कौलं उतरवल्यावरच कळतं. म्हणून छपराचं अंदाजपत्रक करताना पाच-दहा ठिकाणी आधी उघडून बघावं लागतं. जो कंत्राटदार खालून बघून नक्की आकडा सांगतो, त्याच्या आकड्यावर विसंबू नये.

## हो कोणाकोणाचं लागतं?

ख्रिस्तसभेच्या बाजूने बघितलं तर रोजचा खर्च आणि असाधारण खर्च असे दोन भाग आहेत. पंखा दुरुस्त करायला कुणाला विचारावं लागत नाही. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडचं काम मात्र असाधारण कारभारात मोडतं आणि त्याला वरून लेखी परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला करार ख्रिस्तसभेच्या कायद्यात अवैध ठरतो. बांधकाम-दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला घ्या असंही कलम १२१६ बजावतं. कलाकुसरीच्या किंवा प्राचीन, लोकांच्या भक्तीतल्या मूर्ती आणि चित्रं रंगवून ‘नवी’ करायची झाली तर वेगळी लेखी परवानगी लागते. हे कलम ११८९. ते पाळलं गेलं असतं तर कित्येक जुन्या लाकडी मूर्ती ऑइल पेंटच्या थराखाली गेल्या नसत्या.

वेदीचा मुद्दा नाजूक. १९६२ ते १९६५ मध्ये झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेची मांडणी बदलली. वेदी भिंतीपासून सुटी, तिच्याभोवती फिरता येईल आणि धर्मगुरूला लोकांकडे तोंड करून मिस्सा करता येईल अशी असावी, असं ठरलं. त्यामुळे जुन्या चर्चमध्ये दुरुस्तीचं काम निघालं की ‘मागची जुनी वेदी ठेवायची की काढायची’ हा वाद हमखास निघतो. तिथे धर्मप्रांताच्या उपासना आणि पवित्र कला आयोगाचा सल्ला घेतात. तो नकाशे काढण्याआधी घ्यावा. दगड कापून झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

महापालिकेच्या बाजूने, रंग, गिलावा, कौलं बदलणं अशा साध्या दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. खांब-तुळयांना हात लावायचा, उंची किंवा क्षेत्रफळ बदलायचं, तर लागते. शिवाय इमारत वारसा यादीत असेल तर मुंबई वारसा संवर्धन समिती येते. १९९५ च्या नियमांपासून ही व्यवस्था आहे आणि आता ती डीसीपीआर २०३४ या विकास नियमावलीत आहे. यादीत श्रेणी एक, दोन अ, दोन ब आणि तीन असतात. श्रेणी जितकी वरची तितकी मोकळीक कमी. अनेकांना हे जोखड वाटतं. पण ग्लोरिया चर्चचं जतन काळजीपूर्वक झालं आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला, हेही मुंबईतलंच उदाहरण आहे.

## दोन कोटींचे पावणेतीन कसे होतात?

खरा आकडा सगळे शेवटी सांगतात, आपण आधी मांडून बघू. ही रक्कम केवळ उदाहरणादाखल.

समजा, कामाचं अंदाजपत्रक २ कोटी रुपये. उघडल्यावर निघणाऱ्या कुजक्या वाशांसाठी १० टक्के राखीव धरले की झाले २ कोटी २० लाख. बांधकाम कंत्राटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३९ लाख ६० हजार. चर्चला हा कर सहसा कुठून वळता करून घेता येत नाही. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल सल्लागार मिळून करासह १२ लाख धरा. बेरीज २ कोटी ७१ लाख ६० हजार. फादरांनी घोषणा २ कोटींची केलेली असते आणि वर्षभराने आणखी ७१ लाख मागायची वेळ येते. लोक म्हणतात, पैसे खाल्ले. खाल्लेले नसतात, आधी मोजलेले नसतात.

आता धर्मग्रामाच्या ७० लाखांच्या ठेवी वजा करा. उरले २ कोटी १ लाख ६० हजार. कुटुंबं १,२०० असतील तर प्रत्येकी १६,८०० रुपये, तीन वर्षांत विभागले तर महिन्याला साधारण ४६७. प्रत्यक्षात निम्मीच कुटुंबं देतील असं धरलं तर महिन्याला ९३३. हा आकडा सांगितला की सभेचा सूर बदलतो. ‘२ कोटी’ ऐकून हात टेकणारी माणसं ‘महिन्याला हजारेक’ ऐकून विचार करायला लागतात. अर्थात ज्याला ९३३ झेपत नाहीत त्याच्याकडे दर महिन्याला पाकीट मागायला जायचं नाही, हेही त्याच सभेत स्पष्ट सांगायला हवं.

जाता जाता एक तक्रार. माझ्या माहितीतल्या एका धर्मग्रामात दुरुस्तीचं निवेदन फक्त इंग्रजीत छापलं गेलं होतं. कोळीवाड्यातून आणि गावठाणातून मराठी मिस्साला येणारी कुटुंबं, ज्यांच्या पूर्वजांनी त्या चर्चचे दगड वाहिले असतील, ती कागद घडी घालून पर्समध्ये ठेवत होती. मुंबईच्या धर्मग्रामांत ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक), कोळी, गोवन, मंगळुरी, तमिळ, मल्याळी सगळे असतात. हिशोब प्रत्येकाला आपल्या भाषेत कळला पाहिजे, मग खिशात हात जातो.

## मग पैसा येतो कुठून?

मुख्यतः लोकांच्या खिशातून. सणाची वर्गणी, मासिक पाकिटं, फेट म्हणजे चर्चची जत्रा, तिथला हाउजी हा आकड्यांचा खेळ, नाताळचे स्टॉल, मृतांच्या स्मरणार्थ देणग्या. एका सभेत एका मावशींनी विचारलं होतं, ‘फादर, बाक दिला तर ह्यांचं नाव टाकाल ना?’ टाकता येतं. देणगीदाराचं नाव कृतज्ञता म्हणून लावलं, त्यात धंद्याची जाहिरात नसली, तर त्यावर जीएसटी नाही, असं परिपत्रक २०१९ मध्ये निघालंय. दुकानाचं नाव आणि फोन नंबर टाकला की मामला बदलतो.

देणगीवर एक बंधन आहे आणि ते फार महत्त्वाचं. ज्या कारणासाठी पैसे दिले त्याच कारणासाठी ते वापरायचे, असं कॅनन कायद्याचं कलम १२६७ सांगतं. छपरासाठी आलेल्या पैशांतून साउंड सिस्टीम घेता येत नाही. पूरग्रस्तांसाठी जमलेले पैसे छपराकडे वळवता येत नाहीत. म्हणूनच दुरुस्तीचं खातं वेगळं असावं आणि निवेदनातच लिहावं की पैसे उरले तर कशासाठी वापरू. हे एक वाक्य आधी लिहिलं तर पुढची भांडणं वाचतात.

‘चर्चने आधीपासून साठवून का ठेवलं नाही?’ याला आयकराचं उत्तर आहे. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण नियमाचा गाभा तोच आहे. करसवलत टिकवायची तर धार्मिक न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी हेतूसाठी खर्च करावे लागतात. जास्त साठवायचं असेल तर हेतू लिहून कळवायचा आणि साधारण पाच वर्षांत तो पुरा करायचा. म्हणजे ‘पुढेमागे लागतील’ म्हणून अमर्याद गंगाजळी करता येत नाही. पाच वर्षांनी छप्पर करायचंय असं आज लिहून ठेवलं तर करता येते. हे किती जण करतात, हा प्रश्न आपापल्या अर्थसमितीला विचारावा.

करसवलतीबद्दल गैरसमज खूप. ८०जी नावाने ओळखली जाणारी सवलत एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेच्या देणगीला मिळत नाही. अपवाद आहे तो केंद्र सरकारने ऐतिहासिक, कलात्मक महत्त्वाचं किंवा राज्यभर ख्यातनाम म्हणून अधिसूचित केलेल्या मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च अशा स्थळांच्या दुरुस्तीचा. तिथे ५० टक्के वजावट मिळते, तीही मर्यादेत आणि जुन्या कररचनेत. पावतीवर ८०जी छापलेलं दिसलं तर ते कशाच्या आधारे, हे विचारून घ्या.

परदेशातल्या नातलगांचं काय? दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ते विदेशी देणगीत मोडत नाहीत. टोरांटोत नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या बहिणीचे मोडतात, तिच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. तिचे पैसे घ्यायला संस्थेची विदेशी देणगी कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येतात आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही बंद झालंय. सणाला आलेल्या पाहुण्याने पाकिटात डॉलर घालून दिले तर ते प्रेमाने परत करणं शहाणपणाचं.

सरकारकडून आशा ठेवू नये. खासदार निधीच्या नियमांत धार्मिक स्थळातली कामं निषिद्ध कामांच्या यादीत आहेत, कुठल्याही धर्माची असोत. निवडणुकीच्या तोंडावर कुणी ‘छपराचं बघतो’ म्हणाला तर मान डोलवावी आणि अंदाजपत्रकात तो आकडा धरू नये. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीला ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंचं जतन चालतं, त्यामुळे वारसा यादीतल्या चर्चला ती वाट थोडी उघडी असते. वारसा वास्तूंना विकासहक्क हस्तांतरणाची (टीडीआर), म्हणजे इथे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची तरतूदही आहे, पण ती कागदपत्रं पुरी करता करता फादरांची बदली होते.

कर्ज काढता येतं, पण सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातली ही अट आहे. आणि वरून बिशपांची लागते ती वेगळी. चर्चचा हॉल भाड्याने देऊन हप्ते फेडू म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की करसवलतीची नोंदणी असलेल्या न्यासाच्या आवारातल्या हॉलचं भाडं दिवसाला १०,००० रुपयांच्या आत असेल तरच त्या भाड्याला जीएसटीची खास सूट आहे.

## ‘एवढी जागा आहे, बिल्डरला द्या’

हा सल्ला दर सभेत येतो. चर्चच्या जमिनीचा भाव ऐकून कुणालाही तो सुचावा. पण जमीन विकायला किंवा दीर्घ मुदतीने द्यायला न्यासाच्या बाबतीत धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते आणि ख्रिस्तसभेत ठरावीक रकमेपुढे थेट रोमची. शिवाय बऱ्याच जमिनी मुळात कुणा गावकऱ्याने चर्चसाठी, दफनभूमीसाठी, शाळेसाठी म्हणून दिलेल्या असतात. दात्याचा हेतू दोन पिढ्यांनंतरही बांधून ठेवतो. मोकळ्या दिसणाऱ्या तुकड्यावर विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण असतं ते निराळंच. आणि समजा सगळं जुळलं, तरी जमीन एकदाच विकता येते, छप्पर मात्र दर पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा मागतं.

## ‘भिंतींपेक्षा गरिबांना द्या’

या आक्षेपाला मी हसत नाही. झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाकडून संगमरवरासाठी पैसे घेणं मलाही रुचत नाही. म्हणून कामाचे दोन भाग करावेत असं मला वाटतं. जे न केल्यास कुणाच्या डोक्यावर पडेल, वीज लागेल किंवा आग लागेल, ते पहिल्या भागात: छप्पर, खांब, वायरिंग, बाहेर पडायचे दरवाजे, व्हीलचेअरसाठी उतार. संगमरवर, झुंबर, नवी रंगीत काच दुसऱ्या भागात, आणि ते ज्याला हवं त्याने वेगळे पैसे देऊन करावं. पहिल्या भागाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. त्याच छताखाली बालवाडी भरते, त्याच हॉलमध्ये पुराच्या रात्री लोक झोपायला येतात.

## कंत्राट आणि कॅलेंडर

काम किती, कोणतं आणि कुठल्या दराने, याची ओळीओळीने केलेली यादी म्हणजे बिल ऑफ क्वांटिटी, सगळे तिला बीओक्यू म्हणतात. ती हातात असेल तरच तीन कंत्राटदारांच्या निविदांची तुलना होते. नाहीतर एकाने प्लास्टर धरलेलं असतं, दुसऱ्याने परांचीचं भाडं धरलेलं नसतं, आणि सगळ्यात स्वस्त निविदा सगळ्यात महाग पडते. कंत्राटदार धर्मग्रामातलाच असेल तर समितीतल्या त्याच्या नातलगाने त्या दिवशी बैठकीतून बाहेर बसावं. कडू वाटतं, पण नंतरच्या कडवटपणापेक्षा बरं.

मुंबईत छपराचं काम ऑक्टोबरनंतर सुरू करून मेच्या आत झाकावं लागतं. त्याच काळात नाताळ येतो, ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि पवित्र सप्ताह येतो, आणि मध्ये वर्षभर आधी ठरलेली लग्नं असतात. मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये हलवायची तर शाळेच्या परीक्षा आडव्या येतात. हे वेळापत्रक आर्किटेक्टला माहीत नसतं, ते पॅरिश ऑफिसात बसणाऱ्या बाईंना माहीत असतं. पहिल्या बैठकीला त्यांना बोलवा.

बिलं काम मोजून टप्प्याटप्प्याने द्यायची आणि प्रत्येक बिलातले साधारण ५ टक्के राखून ठेवायचे. निदान एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय ती रक्कम सोडायची नाही. फादर बदलून गेले तरी हा करार नव्या फादरांना बांधील असतो, कारण सही धर्मग्रामाच्या वतीने झालेली असते. म्हणून फाइल ऑफिसात हवी, कुणाच्या कपाटात नको. ऑडिटचा अहवाल, मंजुरीची पत्रं, बिलं, वॉटरप्रूफिंगची हमी आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे तिच्यात हवेत. लोकांनी दिलेल्या पैशांचा हिशोब लोकांना द्यायचा असतो, हेही कॅनन कायद्यातच आहे, कलम १२८७. दर तीन महिन्यांनी जमा, खर्च आणि शिल्लक असे तीन आकडे दरवाज्याजवळच्या फलकावर लावले की पुरतात.

आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात छपराची पन्हळ साफ करण्याची एक ओळ घालावी, एकदा मेमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये. खर्च काही हजारांचा. पिंपळाचं रोप तिथेच रुजतं.